बारा सागरी मैलांच्या आत

१. समुद्र एवढा मोठा, मग भांडण कशाचं?

मालवणच्या मच्छीमारांनी परराज्यातली बोट अडवली, देवगडजवळ कुणाची जाळी फाटली, अशी बातमी वाचली की समुद्रापासून दूर राहणारा माणूस हमखास विचारतो: समुद्र एवढा अफाट आहे, मग हे लोक एकाच पाण्यासाठी का भांडतात? मोठ्या बोटींनी लांब जावं, लहान होड्यांनी जवळ राहावं, इतकं सोपं आहे की!

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मासळी कुठे राहते यात आहे. समुद्र अफाट असला तरी मासळी त्यात सगळीकडे सारखी पसरलेली नसते.

माशांच्या जगण्याची सुरुवात डोळ्यांना न दिसणाऱ्या तरंगत्या वनस्पतींपासून होते. या वनस्पतींना ऊन लागतं आणि खत लागतं. ऊन पाण्यात फार खोल पोचत नाही. खत येतं ते नद्यांच्या गाळातून, आणि पावसाळ्यात समुद्र ढवळला की तळातून वर. खोल समुद्रात मेलेला जीव शेकडो मीटर खाली बुडतो आणि त्याच्यातलं खत वरच्या पाण्याच्या कामी येत नाही. उथळ पाण्यात मात्र ते पुन्हा पुन्हा वर येतं. वनस्पतींवर बारीक जीव जगतात, त्यांच्यावर जवळा आणि तारली, त्यांच्यावर सुरमई. म्हणून किनाऱ्याला लागून पाण्याखाली जो उथळ, हलक्या उताराचा भाग असतो, ज्याला भूगोलाच्या पुस्तकात भूखंडमंच म्हणतात, तिथेच मासळी दाट असते. बाहेर खोलात कुपा, गेदर यांच्यासारखे लांब भटकणारे मासे असतात, पण ते विरळ, आणि त्यांच्यामागे जायला वेगळी नौका आणि वेगळं कसब लागतं.

किनाऱ्याच्या पट्ट्याचं आणखी एक महत्त्व आहे. कोळंबीच्या कितीतरी जाती अंडी घालतात समुद्रात. पण त्यांची पिल्लं भरतीबरोबर खाडीत येतात, कांदळवनाच्या चिखलात वाढतात आणि मोठी होऊन पुन्हा बाहेर जातात. म्हणजे हा पट्टा मासळीचं घर आहे आणि तिची येण्याजाण्याची वाटही. तळाशी जाळं ओढत नेणाऱ्या ट्रॉलरला कोळंबी हवी असते, ती इथेच. किनाऱ्यावरून ओढल्या जाणाऱ्या रापणीला बांगडा हवा असतो, तोही इथेच. भांडण अफाट समुद्रासाठी नाही, काही किलोमीटर रुंदीच्या या पट्ट्यासाठी आहे.

२. वाट पाहणारी जाळी

किनाऱ्यावरच्या जुन्या मासेमारीची बहुतेक साधनं माशाचा पाठलाग करत नाहीत. ती वाट पाहतात. ही एक गोष्ट नीट कळली की पुढचं सगळं कळतं.

सिंधुदुर्गातली रापण घ्या. एक होडी लांबलचक जाळं घेऊन पाण्यात जाते, अर्धगोल फिरून ते सोडते आणि परत किनाऱ्याला लागते. मग जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर वाळूवर उभ्या असलेल्या माणसांच्या दोन रांगा ओढत आणतात. मासळी विकली की जाळ्याचा आणि होडीचा वाटा बाजूला काढतात आणि उरलेलं दोर ओढणाऱ्यांत वाटलं जातं. ज्याच्याकडे स्वतःची होडी नाही, ज्याचं खोल पाण्यात जायचं वय उरलेलं नाही, त्यालाही दोराला हात लावून वाटा मिळतो. मात्र रापणीची एक मर्यादा आहे. बांगड्याचा थवा किनाऱ्याजवळ आला तरच ती चालते. तो पाच किलोमीटरवर कुणी उचलला, तर रापणवाल्यांनी कितीही जोर लावला तरी दोराला रिकामं जाळं येतं.

उत्तरेकडे, वर्सोव्यापासून उत्तन, वसई, अर्नाळ्यापर्यंत, डोल जाळं चालतं. समुद्राच्या तळात खुंट ठोकून किंवा नांगर टाकून त्याला हे पिशवीसारखं जाळं बांधतात, तोंड प्रवाहाकडे करून. ओढायचं काम भरती-ओहोटी करते. उधाणाच्या दिवसांत पाण्याला ओढ असते तेव्हा जाळं भरतं, भांगाच्या दिवसांत पाणी मंदावतं तेव्हा काम थंडावतं. बोंबील, जवळा, करदी, मांदेली मुंबईच्या बाजारात येतात ती मुख्यतः या जाळ्यातून. जिथे खुंट ठोकतात त्या जागेला कव म्हणतात. कुठल्या गावाची कव कुठे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. सातबारा नसला तरी ती मालकीच मानली जाते.

आता या बांधलेल्या जाळ्यांच्या ओळीतून रात्री एखादा ट्रॉलर आपलं जाळं ओढत गेला तर काय होईल? डोल फाटेल, दोर तुटतील, खुंट उखडतील. डोलकराची त्या दिवसाची मासळी जाते ती जातेच. नवं जाळं विणून पुन्हा खुंट ठोकेपर्यंतचं सगळं उधाणही हातचं जातं.

नुकसान पुरुषांपुरतं थांबत नाही. बोंबील सोलून बांबूच्या मांडवावर वाळत घालणं, जवळा उन्हात पसरणं, टोपली घेऊन गावोगाव विकणं ही कामं बायकांची. गावच्या पुळणीवर उतरणारी मासळी त्या थेट उचलतात. तीच मासळी ट्रॉलरमधून मोठ्या बंदरात उतरली की तिथे मोठे व्यापारी, बर्फाचे ट्रक आणि लिलाव आला. गावातल्या बाईला मग आधी गाडीभाडं भरून बंदर गाठावं लागतं आणि लिलावात मोठ्या रकमेशी झगडावं लागतं. राज्याची एकूण पकड तेवढीच राहिली तरी तिच्या टोपलीतला माल कमी होतो. पकडीच्या सरकारी आकड्यांत हे कधीच दिसत नाही, आणि मला वाटतं या सगळ्या वादातली सर्वांत दुर्लक्षित बाजू हीच आहे.

३. ट्रॉलर नेमकं काय करतो?

ट्रॉलचं जाळंही पिशवीच्या आकाराचं, पण ते बोटीमागे ओढलं जातं. दोन जड फळ्या पाण्याच्या दाबाने बाजूला पसरतात आणि जाळ्याचं तोंड उघडं ठेवतात. खालच्या कडेला साखळी किंवा शिशाची वजनं असतात, म्हणजे ती कड तळाला घासत जाते. मागे निमुळती खोळ, तिथे सगळं साठतं.

एक छोटा हिशोब करू. धरा की जाळ्याचं तोंड २० मीटर रुंद उघडतं. बोट ताशी ३ सागरी मैल वेगाने २ तास ओढते. सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. तेव्हा ओढलेलं अंतर झालं ६ सागरी मैल, म्हणजे सुमारे ११,१०० मीटर. त्याला २० ने गुणा: २ लाख २२ हजार चौरस मीटर, सुमारे २२ हेक्टर, ५५ एकर. एका ओढीत ५५ एकर तळ घासून निघाला. दिवसात अशा चार ओढी केल्या तर २२० एकर, आणि हे एका बोटीचं झालं. त्या तळावर किडे, शिंपले, खेकडे असतात, माशांचं खाणं असतं, अंडी असतात. एकदा घासलेला तळ सावरतो. त्याच तळावरून हंगामभर पुन्हा पुन्हा जाळं फिरलं तर त्याला सावरायला सवड मिळत नाही.

दुसरा प्रश्न खोळीचा. जाळ्याच्या एका भोकाला आस म्हणतात. आस मोठा असेल तर पिल्लू निसटावं, हे उघड आहे. पण आस मोठा असूनही पिल्लं अडकतात, ती कशी? कांद्याची जाळीदार पिशवी भरून उचला आणि बघा. वजनाने पिशवी ताणते, पत्त्यांतल्या चौकटसारखी तिरकी भोकं लांबट होऊन मिटतात. ट्रॉलची खोळ ओढताना तशीच मिटते. म्हणून मत्स्यशास्त्रज्ञ चौकोनी आसाची खोळ लावा म्हणतात, कारण तिचे धागे ओढीच्या दिशेने सरळ राहतात आणि भोक उघडं राहतं. बदल साधा आणि स्वस्त आहे. पण खोळीतला बारीक मासा माशांच्या भुकटीच्या कारखान्यात विकला जातो, डिझेलचा थोडा खर्च त्यातून निघतो, म्हणून बोटमालक जुनी खोळ सोडत नाही.

यात तो स्वतःचंच नुकसान करतो, तेही हिशोबाने दिसतं. समजा एक किलोत ४० ग्रॅमची २५ पापलेटची पिल्लं आली. ती सोडली असती आणि त्यातली १७ समुद्रात मेली असती, फक्त ८ वाढून ४०० ग्रॅमची झाली असती, तरी माल ३ किलो २०० ग्रॅम झाला असता, आणि दर किलोचा भाव कितीतरी पट चढा. पण आज सोडलेला मासा उद्या आपल्याच जाळ्यात येईल याची खात्री कुणालाच नसते. समोरचा पकडणार म्हणून मी पकडतो. समुद्रात नियम लागतो तो या एका कारणाने.

हा ट्रॉलर आणला कुणी? सरकारने, आणि चांगल्या हेतूने. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रं यांच्यात करार झाला आणि केरळात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. मच्छीमाराला चांगली नौका मिळावी, बर्फ मिळावा, आरोग्य सुधारावं, असा तो विचार होता. पण त्याच सुमारास गोठवलेली कोळंबी अमेरिकेला जाऊ लागली, पुढे जपानला. कोळंबी तळाशी असते आणि तळाची मासळी ओढायला ट्रॉलसारखं साधन नाही. बघता बघता मच्छीमार नसलेल्यांनीही कर्ज काढून ट्रॉलर घेतले. साठच्या दशकात केरळात, नंतर गोवा, कर्नाटक, महाराष्ट्रात हेच झालं. भुकेल्या देशाला मासळी पुरवण्याची योजना परकीय चलन मिळवण्याची योजना झाली.

४. पाण्यात रेघ कुठे ओढायची?

सत्तरच्या दशकात पहिला मोठा विरोध झाला तो गोव्यात. रापणकारांनी एकवोट, म्हणजे संघटना, बांधला, मातान्ही साल्ढाणा त्यांचे नेते झाले. किनाऱ्यालगतचं पाणी ट्रॉलरला बंद करा, ही मागणी. मद्रासच्या किनाऱ्यावर आणि केरळातही संघर्ष पेटला. १९७८ मध्ये या संघटना एकत्र आल्या, त्यातूनच पुढे राष्ट्रीय मच्छीमार मंच उभा राहिला. दरम्यान केंद्राने मजुमदार समिती नेमली होती. लहान मच्छीमारांसाठी किनाऱ्याचा पट्टा राखून ठेवावा, असं तिने सुचवलं आणि केंद्राने नमुना विधेयक राज्यांकडे पाठवलं.

राज्यांकडे का? आपल्या राज्यघटनेत मत्स्यव्यवसाय राज्यांच्या सूचीत आहे, पण किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. त्यापुढचं, २०० सागरी मैलांपर्यंतचं पाणी केंद्राच्या अखत्यारीत येतं. केरळ आणि गोव्याने १९८० मध्ये कायदा केला, महाराष्ट्राने १९८१ मध्ये: महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम.

रेघ दोन प्रकारे ओढता येते, अंतराने किंवा खोलीने. गोव्याने अंतर निवडलं, ५ किलोमीटर. महाराष्ट्राने खोली निवडली, कुठे ५ वाव, कुठे १० वाव. वाव म्हणजे सहा फूट. ५ वाव म्हणजे सुमारे ९ मीटर, १० वाव म्हणजे १८. शिवाय सहापेक्षा जास्त सिलिंडरचं इंजिन असलेल्या ट्रॉलरला १२ सागरी मैलांच्या आत मनाई केली.

खोलीची रेघ शहाणपणाची वाटते, कारण मासळी आणि जाळी दोन्ही खोलीप्रमाणे राहतात. पण तिचा परिणाम सगळीकडे सारखा होत नाही. एका ठिकाणी तळ दर किलोमीटरला एक मीटर खाली जातो असं धरा. तिथे १० वावांची रेघ १८ किलोमीटरवर पडेल. दुसरीकडे तळ दर किलोमीटरला सहा मीटर उतरतो. तिथे तीच रेघ ३ किलोमीटरवर येईल. महाराष्ट्राच्या उत्तरेकडे समुद्र मंद उताराचा, दक्षिणेकडे जास्त उताराचा. म्हणून एकाच नियमाने दक्षिणेकडच्या रापणकाराच्या वाट्याला अरुंद पट्टी येते. वर अडचण अशी की ट्रॉलर नक्की किती वावांवर होता, हे कोर्टात सिद्ध करायचं कसं? अंतर दुरूनही मोजता येतं, खोली सांगायला नेमकी जागा पक्की करावी लागते.

५. पावसाळ्यातली बंदी

जागेची रेघ अपुरी पडते तेव्हा काळाची रेघ कामी येते. पावसाळ्यात बऱ्याच जाती अंडी घालतात. केरळात ऐंशीच्या दशकात मच्छीमारांनी पावसाळ्यातील ट्रॉलबंदीसाठी उपोषणं केली, रस्ते रोखले. एकामागून एक समित्या बसल्या आणि शेवटी १९८८ मध्ये बंदी आली. बोटमालक कोर्टात गेले होते, आमचा धंद्याचा हक्क हिरावला म्हणून. केरळने राज्याच्या पाण्यात पर्ससीन, म्हणजे अख्खा थवा वेढणारं जाळं, आणि तत्सम जाळ्यांवर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये वैध ठरवली. ज्यांचं पोट केवळ किनाऱ्याच्या मासळीवर आहे त्यांच्यासाठी असं बंधन वाजवी आहे, असा त्याचा आशय. पुढच्या सगळ्या राज्यांच्या नियमांना या निकालाचा आधार मिळाला.

महाराष्ट्रात समुद्राला सुट्टी देण्याची रीत कायद्याहून जुनी आहे. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय कोळी होडी घालत नसत. कायद्यातली बंदीही आधी १० जूनपासून नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट, यांतलं जे आधी येईल तिथपर्यंत असे. आता ती १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. यात एक बारकावा हरवला. १ ऑगस्टला समुद्र बहुतेक वेळा खवळलेलाच असतो. मोठा ट्रॉलर त्या दिवशी निघू शकतो, लहान होडी निघू शकत नाही. हंगामाचा पहिला, सर्वांत भरघोस माल मोठ्यांना मिळतो आणि पौर्णिमेला लहान मच्छीमार जाळं टाकतो ते उरल्यासुरल्यावर. बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवा, ही कोळी संघटनांची मागणी वरवर धार्मिक वाटते. तिच्यामागे हा रोकडा हिशोब आहे.

६. ट्रॉलनंतरची साधनं

पर्ससीन जाळं तळ घासत नाही. बांगडा, तारलीचा थवा दिसला की बोट त्याच्याभोवती जाळ्याची भिंत घालते आणि तळाचा दोर आवळून खालून तोंड बंद करते. अख्खा थवा आत. रापणीच्या वाट्याची मासळी यातच जाते. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर फेब्रुवारी २०१६ मध्ये महाराष्ट्राने पर्ससीनचे परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचं ठरवलं आणि हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर असा बांधला. मग एलईडी आले. रात्री जनरेटरवर प्रखर दिवे पेटवायचे, मासळी प्रकाशाकडे धावते, लहानमोठी सगळी, आणि तिला वेढायचं. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या पाण्यात एलईडी आणि बुल ट्रॉलिंग, म्हणजे दोन बोटींनी मिळून एकच जाळं ओढणं, या दोन्हींवर बंदी घातली.

७. रेघेवर पहारा

सिंधुदुर्गात हायस्पीड ट्रॉलर हा शब्द आता लहान मुलांनाही माहीत आहे. कर्नाटकातल्या मलपीसारख्या बंदरांतून निघालेल्या, तीनशे-चारशे अश्वशक्तीच्या या बोटी मालवणच्या पाण्यात येतात आणि गस्तीनौका दिसली की निघून जातात. कायदा कागदावर असतो आणि पाठलाग करणारी नौका मागे पडते. म्हणून मच्छीमार स्वतः समुद्रात उतरून बोटी घेरतात. यात हाणामारी होते, जीव धोक्यात येतो, गुन्हे दाखल होतात ते बऱ्याचदा त्यांच्यावरच. जे काम शासनाचं, ते गावाने करावं आणि वर गुन्हेगारही ठरावं, हे मला अन्यायाचं वाटतं.

काही गोष्टी सुधारल्या. आधी प्रकरण तहसीलदारापुढे चालायचं आणि दंड पकडलेल्या मासळीच्या किमतीशी बांधलेला होता. मासळीची किंमत कमी दिसली की दंडही कमी. २०२१ च्या दुरुस्तीने हे अधिकार मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांकडे आले आणि एलईडीच्या मासेमारीला ५ लाख रुपयांपासून दंड लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये पालघरच्या शिरगावपासून सिंधुदुर्गातल्या देवगडपर्यंत नऊ ठिकाणी ड्रोनची गस्त सुरू झाली. ड्रोनच्या चित्रात बोटीचा क्रमांक आणि जागा दोन्ही येतात, तेव्हा खोलीचा जुना वाद बराच मिटतो.

त्याहून महत्त्वाचं साधन ट्रान्सपाँडर ठरू शकतं. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला पंतप्रधानांनी देशभरातल्या १ लाख नौकांवर हे यंत्र बसवण्याची योजना सुरू केली. हेतू सुरक्षेचा: वादळाचा इशारा, संकटात हाक. पण ज्या यंत्राने बुडणारी नौका सापडते त्यानेच बंदी असलेल्या पाण्यात फिरणारा ट्रॉलरही सापडेल. यंत्र बंद केलं तर नौकेला मिळणारा डिझेलवरचा करपरतावा बंद, असा साधा नियम केला तर यंत्र चालू राहील. मोठं इंजिन जास्त डिझेल पितं, म्हणून जास्त परतावा घेतं. त्या पैशाला अट जोडण्याचा सरकारला पूर्ण हक्क आहे.

काही ठिकाणी पहारा तळालाच बसवतात. काँक्रीटचे पोकळ ठोकळे समुद्रात सोडले की त्यांच्याभोवती मासळी जमते आणि ट्रॉलचं जाळं त्यात अडकून फाटतं, म्हणून ट्रॉलर तिथे येत नाही. तमिळनाडू आणि केरळच्या किनाऱ्यावर असे ठोकळे सोडलेले आहेत. डोलकरांच्या पाण्यात मात्र, त्यांची जाळीही अडकू नयेत म्हणून, ते विचार करूनच टाकावे लागतील.

८. लहान जाळ्यांची जबाबदारी आणि कव-जागांचा नकाशा

पारंपरिक म्हणजे निर्दोष, असं मी म्हणणार नाही. डोलीची खोळ फार बारीक असते आणि तिच्यात पापलेटची पिल्लं येतात. केरळात ट्रॉलरविरुद्ध लढलेल्या मच्छीमारांनीच पुढे पर्ससीनसारखी थवा वेढणारी मोठी रिंगसीन जाळी घेतली. म्हणून मापाचा नियम सगळ्यांना सारखा हवा. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलं आणि त्याच वर्षी ५४ जातींची किमान मापं ठरवली: पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. हा नियम समुद्रापेक्षा लिलावाच्या जागी राबवणं सोपं आहे. ससून डॉकवर फूटपट्टी लावायला गस्तीनौका लागत नाही.

पण मापं, दंड आणि ड्रोन यांनी एक गोष्ट होत नाही. किनाऱ्याच्या पाण्यावर लहान मच्छीमाराचा हक्क कुठेही लिहिलेला नाही. त्याच्यासाठी राखलेल्या पट्ट्यात तो फक्त ट्रॉलर नसल्यामुळे आहे. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत लहान मच्छीमारांचे परंपरागत हक्क ओळखा, नोंदवा आणि जपा, असं म्हटलं आहे. आपल्याकडे २०११ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेनेही सांगितलं होतं की किनाऱ्याच्या नकाशांत मच्छीमार वस्त्या, मासेमारीची पाणक्षेत्रं आणि प्रजननाच्या जागा स्पष्ट दाखवाव्यात.

पण गावोगावच्या कवी, म्हणजे डोलीच्या खुंटांच्या जागा, अजून डोलकरांच्या डोक्यातच आहेत. कवीच्या हद्दीवरून पालघर आणि वसईच्या गावांत वर्षानुवर्षं वाद चालला आहे, आणि तो मिटवायला बघायचा कागदच नाही. हा नकाशा करायला फार मोठं तंत्र लागत नाही. सहकारी सोसायट्यांकडे होड्यांची यादी आहे, तांडेलांना, म्हणजे होडीच्या प्रमुखांना, प्रत्येक खुंटाची जागा पाठ आहे, आणि जीपीएस आता जवळजवळ प्रत्येक होडीत आहे. एका हंगामात एका तालुक्याच्या कवी, रापणीच्या जागा आणि पिल्लांच्या वाढीचे खाडीमुखाचे पट्टे नोंदवून ते मत्स्यव्यवसाय विभागाच्या आदेशाला जोडले, तर पुढच्या वेळी ट्रॉलर कुठे होता एवढाच प्रश्न उरणार नाही. तो कुणाच्या जागेत होता, हेही विचारता येईल आणि भरपाई मागायला डोलकराच्या हातात कागद असेल.